रॅक पडतो तेव्हा

राजाजीनगरहून बोलतोय. मागे खिडकीतून भाजीवाल्याची हाक ऐकू आली तर सांभाळून घ्या. सकाळची वेळ आहे आणि आमच्याकडे या वेळी गल्ली जागी असते.

मागच्या भाषणानंतर दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब, सिग्नल्समध्ये इतकी वर्षं काढलीत, तर युद्धाच्या गोष्टी का सांगत नाही?" आज त्यांची निराशा होणार आहे. आजचा विषय आहे लोखंडी कपाट. ज्यात सर्व्हर, यूपीएस, नेटवर्कचे स्विच, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर एकावर एक बसवलेले असतात तो रॅक. तो कसा उभा करायचा, त्यात यंत्रं कशी चढवायची आणि हे करताना माणूस कसा शाबूत ठेवायचा.

पूर्वी हा विषय टेलिफोन एक्स्चेंज, रेल्वे आणि फौज यांच्यापुरता होता. आज शाळेत रॅक आहे, दवाखान्यात आहे, सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत आहे, हाउसिंग सोसायटीच्या जिन्याखाली आहे. म्हणजे रॅक वाढले, पण तो हाताळायचं शिक्षण त्या मानाने वाढलं नाही. मी हे शिक्षण पुस्तकातून घेतलं होतं. खरं शिकलो ते दुसऱ्याच्या हाताच्या किमतीवर. ती गोष्ट आधी सांगतो.

साल 1989, मे महिना, वाळवंटातलं एक ठाणं. मी तरुण अधिकारी. दोन दिवसांनी वरिष्ठांचं निरीक्षण होतं. नवा रॅक आला होता, त्यात पॉवर सप्लायचे जड ड्रॉवर होते. रॅक जमिनीला बोल्टने आवळायचा, हा नियम मला माहीत होता. पण त्या खोलीत निरीक्षणासाठी म्हणून नवं कोरं लिनोलियम घातलं होतं. त्याला भोकं पाडायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, "निरीक्षण होऊ द्या, मग ड्रिल करू. तोवर असाच उभा राहू दे."

दुसऱ्या दिवशी एका ड्रॉवरमध्ये बिघाड निघाला. आमच्या नाईकाने तो बाहेर ओढला. बिघाड कुठे आहे ते कळेना, म्हणून तुलना करायला त्याने खालचा तसाच दुसरा ड्रॉवर ओढला. रॅक पुढे आला. माणूस अशा वेळी मागे सरत नाही, हात पुढे करतो. त्यानेही हात पुढे केला. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. तो म्हणाला, "साहेब, दोन ड्रॉवर मीच एकदम काढले, चूक माझी." ते खरं होतं, पण अर्धंच. बोल्ट न लावण्याचा हुकूम माझा होता. तो मी चौकशीत सांगितला आणि माझ्या नावावर नाराजीची नोंद झाली. ती पुढे पुसली गेली असेल. त्याची बोटं परत आली नाहीत. सोल्डरिंगमध्ये त्याच्याइतका स्वच्छ हात मी नंतर क्वचितच पाहिला. त्याची मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं.

म्हणून आज जे सांगणार आहे, ते विद्वत्ता म्हणून ऐकू नका.

आता रॅक म्हणजे काय ते थोडक्यात. त्याची रुंदी जगभर ठरलेली आहे. पुढची पट्टी 19 इंच, म्हणजे 482.6 मिलिमीटर. उंची मोजायचं माप म्हणजे 'यू'. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, 44.45 मिलिमीटर. पुरुषभर उंचीचा रॅक साधारण 42 यूचा असतो, म्हणजे आतली जागा 1867 मिलिमीटर. हे माप सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजांत रुळलं. तिथे रिले बसवायला असे सांगाडे वापरत. रिले गेले, व्हॉल्व्ह आले, ट्रान्झिस्टर आले, आता सर्व्हर आले. 19 इंच मात्र तेच राहिले.

आमच्या या भागाचं या कपाटाशी जुनं नातं आहे. जवळच जलाहळ्ळीला 1954 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स सुरू झाली, फौजेचे रेडिओ तिथे बनले. शहराच्या दुसऱ्या टोकाला दूरवाणीनगर, तिथे 1948 पासून इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी 1946 मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी केली. तिचा कारखाना इथेच, राजाजीनगर-मल्लेश्वरमच्या शिवेवर होता. आणि मराठी माणसाला आपली वाटेल अशी एक गोष्ट. सी-डॉट ही संस्था 1984 मध्ये स्थापन झाली आणि तिचं खेड्यांसाठी बनवलेलं 128 जोडण्यांचं स्वयंचलित एक्स्चेंज 1986 मध्ये पहिल्यांदा चालू झालं ते बेळगाव जिल्ह्यात, कित्तूरला. एसी नसलेल्या खोलीत, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असं ते बनवलं होतं. चांगलं यंत्र आपल्या जागेचा विचार करून बनवतात. बसवणाऱ्यानेही जागेचा विचार करायचा असतो.

आता कामाला लागू. पहिला मुद्दा, रॅक का पडतो.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो, वय पंचवीस-सव्वीस. सीसीटीव्ही आणि नेटवर्कची कामं घेतो. मला अंकल म्हणतो. एकदा मला कौतुकाने काम दाखवायला घेऊन गेला. कंबरेएवढा रॅक, चाकांवर. हा खाली वाकून एक यूपीएस ओढतोय, वरचा आधीच बाहेर आहे. माझ्या तोंडून मराठी निघालंच नाही, कन्नड निघालं, "निधान!" म्हणजे सावकाश. त्याचा हात थांबला. तो हसून म्हणाला, "अंकल, एवढासा तर रॅक आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पत्र्याचं काम करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आम्ही तसाच रॅक घेतला, मागून दोरखंड बांधून दोघांनी सैलसर धरला आणि प्रयोग केला. आधी कागदावर हिशेब मांडला. तुम्हीही मांडा.

रॅकची खोली 600 मिलिमीटर. दोन यूपीएस सोडून बाकी वजन 60 किलो. हे वजन साधारण मधोमध आहे, म्हणजे पुढच्या कडेपासून 0.3 मीटर मागे. रॅकला जागेवर धरून ठेवणारा जोर झाला 60 गुणिले 0.3, म्हणजे 18. आता 30 किलोचा एक यूपीएस रुळांवरून पूर्ण बाहेर ओढला. त्याचं वजन पुढच्या कडेच्या 0.35 मीटर पुढे आलं. पाडणारा जोर 30 गुणिले 0.35, साडेदहा. 18 विरुद्ध साडेदहा, रॅक उभा राहतो. दुसरा यूपीएस ओढा. साडेदहा आणि साडेदहा, एकवीस. 18 विरुद्ध 21. रॅक पडतो.

प्रयोगात तसंच झालं. पहिल्याने काही हललं नाही. दुसरा शेवटापर्यंत आला आणि रॅक आवाज न करता पुढे झुकला. दोरखंड ताणला गेला. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता. पहिल्या यूपीएसने रॅक जरासुद्धा कुरकुरत नाही, तो शांत असतो. त्या शांततेवर विश्वास ठेवून माणूस दुसरा ओढतो. 1989 मध्ये आमच्या नाईकाने तेच केलं होतं.

यातून नियम निघतो. एका वेळी एकच यंत्र बाहेर. दुसरं काढायचं तर पहिलं आत. बाहेर काढलेल्या यंत्रावर कोपर टेकवायचं नाही, अवजारं ठेवायची नाहीत, कारण ते वजनही पाडणाऱ्याच्या बाजूला जातं. रॅकला पुढे ओढून काढायचे पाय असतील तर यंत्र ओढण्याआधी ते पाय बाहेर.

दुसरा हिशेब उंचीचा. त्याच 600 मिलिमीटर खोलीच्या रॅकमध्ये जड माल वर भरला आणि वजनाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर आला, तर रॅक फक्त 11 अंश कलला की जातो. जड माल खाली भरून मध्य अर्ध्या मीटरवर आणला, तर 31 अंशांपर्यंत तो परत जागेवर येतो. 11 अंश म्हणजे किती? एक चाक फरशीच्या फुटक्या कोपऱ्यात अडकलं आणि मागून कोणी जोरात ढकललं, एवढं पुरतं. म्हणून भरायचं खालून वर. यूपीएस आणि बॅटऱ्या तळाला, मग सर्व्हर, सर्वांत वर हलके स्विच आणि पॅच पॅनेल. रिकामा करायचा तो वरून खाली.

इथे कोकणातले आणि मुंबईतले श्रोते विचारतील, तळाला ठेवलं तर पाण्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या बेंगळुरूतही सप्टेंबर 2022 मध्ये आउटर रिंग रोडच्या बाजूला कंपन्यांत पाणी शिरलं. यावर उपाय यूपीएस वर चढवणं हा नाही. सगळा रॅकच पक्क्या ओट्यावर किंवा लोखंडी चौकटीवर घ्यायचा आणि त्याला आवळायचा. शक्य असेल तर तळमजलाच टाळायचा. आणि एसीचं युनिट रॅकच्या डोक्यावर लावू नका. उन्हाळाभर ते थंड करतं आणि एक दिवस नळी तुंबली की थेट सर्व्हरवर ठिबकतं.

बोल्टबद्दल वेगळं सांगायला नको. उंच रॅक जमिनीला अँकर बोल्टने आवळलेलाच पाहिजे, जमल्यास वरून भिंतीलाही. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा आणि किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांना हे पटवावं लागत नाही. फरशी खराब होईल, असं जो म्हणेल त्याला माझ्या लिनोलियमची गोष्ट सांगा.

रॅक हलवायचा असेल तर आधी हलका करा. निदान वरचा अर्धा भाग रिकामा करा. बाजूने ढकलू नका, कारण बहुतेक उंच रॅकची रुंदी खोलीपेक्षा कमी असते आणि तो त्या बाजूला लवकर कलतो. एक माणूस पुढे, एक मागे, आणि तिसरा फक्त रस्ता पाहणारा. हा तिसरा माणूस लोकांना फुकटचा वाटतो. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता उचलणं. बऱ्याच यंत्रांवर माणसांची चित्रं असलेली पट्टी असते. 18 किलोच्या वर दोघे, 32 च्या वर तिघे, 55 च्या वर चौघे, असा तिचा अर्थ असतो. आपल्याकडे ही पट्टी वाचून लोक हसतात. "साहेब, मी एकटा नेतो." नेशील बाबा, जिन्यापर्यंत नेशील. पण रॅकमध्ये यंत्र बसवताना ते छातीसमोर हात लांब करून धरावं लागतं आणि दोन्ही बाजूंचे रूळ एकाच वेळी जुळवावे लागतात. पाठ जाते ती तिथे. दोघांनी यंत्र धरावं, तिसऱ्याने रूळ आणि स्क्रू पाहावेत. हुकूम एकानेच द्यावा. "उचल" म्हणणारे दोघे असले की एक बाजू आधी वर जाते. आणि केज नट बोटांनी दाबून बसवू नका. त्याचं छोटं हत्यार मिळतं. ते नट नखाखाली पत्र्यासारखे कापतात.

तिसरा मुद्दा वीज.

रॅकमधल्या चांगल्या सर्व्हरला दोन वायर असतात, दोन वेगळ्या पुरवठ्यांच्या. एक काढली तरी यंत्र चालू राहावं म्हणूनच ती सोय आहे. एक वायर काढून "बंद केलं" म्हणणारा माणूस चालू यंत्रात हात घालतो. तसंच यूपीएसचं. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी यूपीएस बॅटरीवर वीज देतच राहतो, तेच त्याचं काम आहे. म्हणून दोन्ही वायर काढा, यूपीएस बंद करा, टेस्टरवर न जाता मीटरने तपासा, आणि मेनवर कुलूप लावून "काम चालू आहे" अशी पाटी टांगा. फौजेत आम्ही किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायचो. दुसऱ्या कोणाच्या नाही, अधिकाऱ्याच्याही नाही.

अर्थिंगचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे फसगत होते. प्रत्येक यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो. त्यातून थोडी वीज सतत अर्थच्या वायरमध्ये गळत असते. ते बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. प्लगच्या यंत्राला साधारण साडेतीन मिलिअँपपर्यंत मुभा असते. एक यंत्र असेल तर किरकोळ बाब. पण दहा यंत्रं एकाच पट्टीवर लावली तर ती गळती 35 मिलिअँपपर्यंत जाऊ शकते. आता त्या पट्टीची अर्थची वायर तुटली आहे असं समजा. सगळी यंत्रं छान चालतात, दिवे लुकलुकतात, कुणाला काही कळत नाही. मग कोणी ओल्या पायाने रॅकला हात लावतो. ती सगळी गळती त्या माणसातून जमिनीत जाऊ पाहते. 30 मिलिअँप माणसाचा जीव घ्यायला पुरेसे असतात. घरातल्या गळतीरोधक स्विचचं माप 30 वर ठरवलं आहे ते उगीच नाही.

म्हणून रॅकच्या सांगाड्याला स्वतःची जाड हिरवी वायर, थेट अर्थच्या पट्टीपर्यंत. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. बसवताना अर्थ सगळ्यात आधी जोडायची, काढताना सगळ्यात शेवटी काढायची. आणि "रॅकला हात लावला की मुंग्या येतात" असं कोणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. काम थांबवा. ती रॅकने दिलेली सूचना आहे, दुसरी मिळेलच असं नाही.

बॅटऱ्यांबद्दल एवढंच. 12 किंवा 48 व्होल्टने झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण पाना दोन टोकांवर पडला तर शेकडो अँपियर वाहतात. पाना लाल होतो, ठिणगी उडते. बोटात अंगठी असेल तर अंगठी तापते, आणि ती काढता येत नाही. अंगठी, कडं, घड्याळ आधी खिशात. पान्यांना इन्सुलेशन टेप. खोलीत हवा खेळती, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघू शकतो.

आता उलटा धोका, माणसापासून यंत्राला. मी लडाखमध्ये असताना लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की लोकरी जर्सी काढताना अंधारात ठिणग्या दिसायच्या. आपल्याला जाणवणारी ठिणगी साधारण 3000 व्होल्टची असते. काही चिपांना 100 व्होल्टसुद्धा सोसत नाहीत. म्हणजे तुम्हाला काही न कळता कार्ड मरतं, किंवा त्याहून वाईट, अर्धमेलं होतं आणि तीन महिन्यांनी नेमकं गरजेच्या रात्री जातं. उपाय स्वस्त आहे. मनगटी पट्टा बांधून तो रॅकच्या सांगाड्याला जोडायचा. त्या पट्ट्यात एक मेगओहमचा रोध असतो, म्हणजे चुकून वीज लागली तरी प्रवाह मर्यादित राहतो. म्हणून पट्ट्याऐवजी साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळायची हुशारी करू नका. तिने कार्ड वाचेल, तुम्ही वाचणार नाही.

लेहची दुसरी शिकवण हवेची. थंडी आहे म्हणजे यंत्र गार राहील, असं आम्हाला वाटायचं. पण उंचावर हवा विरळ, पंखा तितकाच फिरला तरी उष्णता कमी नेतो. साधारण 900 मीटरच्या वर दर 300 मीटरला यंत्राची कमाल तापमानाची मर्यादा एक अंशाने खाली धरावी, असा हिशेब सर्व्हरसाठी वापरतात. बेंगळुरू नेमकं त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून इथे फरक पडत नाही. लेहला तो आठ-नऊ अंशांचा होतो.

खाली मैदानात नियम सोपा. हवा पुढून आत, मागून बाहेर. खोली 18 ते 27 अंशांत. रिकाम्या जागांवर पट्ट्या लावा, नाहीतर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि यंत्र स्वतःचाच उच्छ्वास परत घेतं. रॅकच्या मागे जुन्या फायलींचे गठ्ठे, झाडू, गणपतीची सजावट ठेवू नका. मी हे तिन्ही एकाच रॅकमागे पाहिलेलं आहे.

आणि एक शेवटचं. फायबरच्या उघड्या टोकात "उजेड येतो का" म्हणून डोळा लावू नका. तो प्रकाश 1310 किंवा 1550 नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. तपासायला मीटर आहे.

बरंच सांगितलं. लक्षात ठेवायला चार गोष्टी देतो. आधी आवळा, मग भरा. खालून भरा, वरून काढा. एका वेळी एकच बाहेर. अर्थ आधी, अर्थ शेवटी.

तुम्ही स्वतः कदाचित कधी पाना धरणार नाही. तुम्ही सोसायटीचे सचिव असाल, शाळेचे मुख्याध्यापक असाल, दवाखान्याचे मालक असाल. मग आजचं भाषण खरं तर तुमच्यासाठीच आहे. पाना धरणारा मुलगा "उद्या उद्घाटन आहे, आजच संपव" या तुमच्या वाक्याखाली काम करत असतो. त्याने दुसरा माणूस मागितला तर द्या. त्याने भोक पाडू का विचारलं तर पाडू द्या. माझ्या नाईकाने मला विचारलं होतं, "साब, बोल्ट?" मी लिनोलियमकडे पाहिलं होतं.

आमच्या शेजारच्या मुलाने आता प्रत्येक कामाच्या दरपत्रकात अँकर बोल्ट आणि एक जादा माणूस असे दोन रकाने घातले आहेत. तो म्हणतो, "अंकल, काही गिऱ्हाइकं यामुळे जातात." जातात, मान्य आहे. मी त्याला म्हटलं, गिऱ्हाईक दुसरं मिळतं.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी उत्तरं देईन. सांभाळून राहा. जय हिंद.